आंबेटेकचं लोखंड

शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यात दुपारचा चहा यायच्या वेळेला ललिता आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच पिशवीतला दगड काढून तिनं पूर्णिमाच्या टेबलावर ठेवला. नारळाएवढा, तांबूस काळा, दिसायला साधाच. पण टेबलावर पडताना तो असा दणकून वाजला की पूर्णिमानं हातातलं काम सोडून मान वर केली.

"धावडाची खाण गावली," ललिता म्हणाली. "आता चहा सांग."

पूर्णिमानं चहा सांगितला. खाणीबद्दल तिनं लगेच काही विचारलं नाही. एक तर ललिताला विचारावं लागत नाही, ती सांगतेच. आणि दुसरं म्हणजे, ललिता जन्मभर एसटीत कंडक्टर असली तरी तिच्या गोष्टींना पूर्णिमानं कायम अर्धंच तिकीट फाडलं होतं. दाजीपूरच्या रस्त्याला ललितानं एकदा पट्ट्याचा वाघ बघितला होता. त्याच गाडीच्या ड्रायव्हरला तो तरस वाटला, आणि शेवटी डेपोतल्या सगळ्यांनी मिळून त्याचं कुत्रं केलं. ललिताच्या लेखी तो अजून वाघच होता.

दोघी मूळच्या कुरुंदवाडच्या. पूर्णिमाचं माहेर शेतकऱ्याचं, ऊस आणि म्हशींचं. ललिता बौद्ध वस्तीतली, वडील साखर कारखान्यात फिटर. शाळेत दोघींचा बाक एक, आणि नदीला पोहायला शिकल्या त्याही एकाच उन्हाळ्यात, एकमेकींचे केस धरून. पुढं पूर्णिमा लग्न होऊन कोल्हापुरात आली, फाउंड्रीवाल्यांच्या घरात. मुलगा शाळेत असतानाच नवरा गेला. तेव्हा लोक म्हणाले, कारखाना विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे हे. पूर्णिमानं विकला नाही. भट्टीजवळ उभं राहून ती वितळलेल्या लोखंडाचा रंग ओळखायला शिकली, कामगारांशी भांडायला शिकली, आणि पोराला इंजिनियर केलं. आता पोरगा, पृथ्वीराज, कारखाना चालवत होता आणि नीट चालवत होता. पूर्णिमाला त्यानं एसीची केबिन करून दिली होती. ती रोज यायची, सह्या करायची, चहा प्यायची. काचेपलीकडं भट्टी दिसायची, पण तिच्याकडं कुणी काही विचारायला येत नव्हतं. तक्रार करावी असं काही नव्हतं. दिवस मात्र लांब वाटायचे.

ललिता निवृत्त झाली त्याला फार दिवस झाले नव्हते. तिची बरीचशी नोकरी राधानगरीच्या पुढच्या डोंगरातल्या गाड्यांवर गेली. आंबेटेकची मुक्कामी गाडी तर तिनं मागून घेतली होती. बाईला मुक्कामाची ड्युटी द्यायला डेपोतले नाखूश होते, पण ललितानं हट्ट सोडला नाही. संध्याकाळी गाडी आंबेटेकला पोचायची, ड्रायव्हर देवळात झोपायचा आणि ललिता तानाबाईच्या घरात. तानाबाई ही तिथली शेतकरीण, विधवा, ललितापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. तिनंच ललिताला धावडाच्या खाणीची गोष्ट सांगितली होती.

गोष्ट अशी की, पूर्वी या डोंगरात धावड राहायचे. धावड म्हणजे दगडातनं लोखंड काढणारे लोक. त्यांची एक खाण होती आणि तिच्या लोखंडाला गंज चढत नसे. पावसाळाभर कुऱ्हाड उघड्यावर राहिली तरी सकाळी घासल्यासारखी लख्ख. कुठल्या तरी सरदाराच्या कानावर हे गेलं. त्यानं माणसं पाठवली, खाण ताब्यात घ्यायला. ती माणसं यायच्या आत धावडांनी खाणीचं तोंड दगडमातीनं बुजवलं, भट्ट्या फोडल्या, आणि बायकापोरं घेऊन घाट उतरून कोकणात गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासनं खाण कुणाला दिसली नाही. आसपासच्या सगळ्या गावांत ही गोष्ट सांगतात. कुणी म्हणतं शोधणारा आंधळा होतो, कुणी म्हणतं खाणीवर नाग आहे.

"तर तानाबाईची म्हस चुकली," ललितानं चहा बशीत ओतत सांगायला सुरुवात केली. निवृत्त झाल्यावर ती सहज म्हणून आंबेटेकला गेली होती, आणि म्हशीमागं दोघी गावाच्या वरच्या अंगाला चढल्या. म्हैस ओढ्यात बसलेली सापडली. पण तिथवर जाताना ललिता घसरून पडली, आणि हाताखाली जे आलं ते माती नव्हती, साधे दगडही नव्हते. काळी, जड, चकाकणारी ढेकळं, जळून थिजल्यासारखी. तानाबाई म्हणाली, ही जळकी ढेकळं इथं पहिल्यापासनं आहेत, ह्यात गवत उगवत नाही. ललितानं वर बघितलं, तर चढावर करवंदीच्या जाळीमागं काळोख दिसला. जाळी बाजूला केली तर बीळ नव्हे, भुयार. माणूस वाकून आत जाईल एवढं.

पूर्णिमानं दगड हातात घेऊन तोलला, वास घेतला, आणि परत ठेवला. मग म्हणाली की जांभ्याच्या डोंगरात जड दगड कुठंही सापडतो, आणि भुयार साळिंदराचंही असतं.

"साळिंदर भिंतीवर छिन्नी मारत न्हाय," ललिता म्हणाली. "रविवारी सकाळच्या गाडीनं जायचं. मी तिकीट काढतो."

रविवारी दोघी गेल्या. पृथ्वीराजनं गाडी आणि ड्रायव्हर देऊ केला होता, पण ललिताला एसटीच हवी होती. वाटेत चढणाऱ्या निम्म्या माणसांनी तिला ओळखलं, आणि आंबेटेक येईपर्यंत पूर्णिमाच्या मांडीवर कुणाचं पोर, कुणाची कोथिंबीर आणि एक कोंबडी एवढं येऊन गेलं. उतरल्यावर तानाबाईनं "या पावणं" म्हणून पाणी दिलं, पाठोपाठ ताक दिलं, आणि जेवल्याशिवाय वर जायचं नाही म्हणून अडून बसली. वरची जमीन तिच्या भावकीच्याच मालकीची होती, त्यामुळं कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

चढ पूर्णिमाला जड गेला. दोनदा बसावं लागलं. पण काळ्या ढेकळांच्या जागी पोचल्यावर तिचा थकवा पळालाच. तिनं एक ढेकूळ उचललं, दुसऱ्यावर आपटून फोडलं, आतली काच आणि बुडबुडे बघितले. असलं ढेकूळ तिनं आयुष्यभर बघितलं होतं. लोखंड वितळलं की वर जो मळ तरंगतो, जो झाऱ्यानं काढून कारखान्यामागं टाकतात, तोच हा. तिथं सगळे त्याला स्लॅग म्हणायचे. इथं त्याचा ढीगच्या ढीग होता, चढावरनं ओढ्यापर्यंत उतरलेला, वरनं पालापाचोळा साचलेला. ही कुणाची एकदोन दिवसांची गंमत नव्हती. इथं माणसांनी पिढ्यान्पिढ्या भट्ट्या पेटवल्या होत्या.

"काय गं?" ललितानं विचारलं. "बोल की."

"खरं हाय," पूर्णिमा म्हणाली. ललिता पदर खोचून पुढं झाली.

भुयारात वटवाघळांचा वास होता. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर छिन्नीच्या खुणा दिसल्या, तिरप्या, एकाखाली एक, जणू कुणी काल काम थांबवून जेवायला गेलं होतं. थोडं आत गेल्यावर छत ढासळून वाट बंद झालेली होती. नाग वगैरे काही नव्हता. पूर्णिमानं एका खुणेत बोट घातलं. बोट अलगद बसलं. ललितानं बॅटरीचा उजेड त्या बोटावर धरला.

परत येताना त्यांनी एक पोतं दगड आणले. पृथ्वीराजनं कौतुकानं ऐकलं, एक तुकडा ओळखीच्या लॅबमध्ये पाठवला आणि चार दिवसांनी निकाल सांगितला. लोखंड आहे. पण थोडं आहे, मातीच जास्त. आजच्या हिशेबानं अशा खाणीला कुणी हात लावणार नाही. हे त्यानं ललिताला जरा सांभाळूनच सांगितलं, तिला वाईट वाटेल म्हणून.

"मला काय विकायचं हाय व्हय?" ललिता म्हणाली. "पण ही खाणच हाय, हे लोकांना पटणार कसं? ढेकळं दाखवली तर ढेकळंच म्हणतील. पूर्णे, ह्या दगडातनं लोखंड काढून दाखव."

पूर्णिमा हसली आणि मग हसायची थांबली. इतकी वर्षं तिनं लोखंड ओतलं, पण ते सगळं भंगाराचं. मोडलेली इंजिनं, जुने पाइप, तुटके गज आणायचे आणि वितळवायचे. दगडाचं लोखंड होताना तिनं कधी बघितलं नव्हतं. कारखान्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं. बाळासो, जो तिच्या नवऱ्याच्या वेळेपासनं भट्टीवर होता, त्याला तिनं बोलावून विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, आपल्या भट्टीत दगड टाकला तर भट्टी जाईल, दगड तसाच राहील." मग डोकं खाजवत म्हणाला की मातीची भट्टी करून बघायला मात्र हरकत नाही, मागच्या आवारात जागा पडून आहे.

त्या दिवसापासनं पूर्णिमा केबिनमध्ये दिसेनाशी झाली. मागच्या आवारात ललिता आणि ती माती तुडवायच्या. माती, भाताचा कोंडा, थोडं शेण. बाळासो सुट्टीनंतर येऊन हात लावायचा. छातीएवढ्या उंचीचं, आतनं पोकळ असं मातीचं धुराडं उभं राहिलं. खाली एका बाजूनं हवा आत सोडायला नळी, दुसऱ्या बाजूला मळ वाहून जायला भोक. दगड आधी शेकोटीत भाजून घेतले आणि हातोडीनं सुपारीएवढे फोडले. लाकडाचा कोळसा आंबेटेकहून आला. त्याच एसटीच्या टपावरनं. पृथ्वीराज अधूनमधून येऊन बघायचा. एकदा त्यानं आईच्या केसांतली माती झटकली आणि परत गेला.

पहिली भट्टी त्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पेटवली. बाळासोनं नळीला हवा मारणारा विजेचा ब्लोअर लावला, जाळ धडाडून वर आला, ललिता टोपलीनं कोळसा ओतत होती आणि पूर्णिमा ओंजळीनं दगड. दुपारपर्यंत खालच्या भोकातनं लाल मळ वाहायला लागला आणि तिघांनाही वाटलं की जमलं. भट्टी फोडली तर आत नुसतं काळं ढेकूळ. हातोडा मारताच त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. ललितानं त्या गोळा करून एका घमेल्यात ठेवल्या आणि घरी गेली. त्या दिवशी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

पूर्णिमाला झोप लागली नाही, पण ती वाईट वाटून नव्हे. ती विचार करत होती. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात असंच व्हायचं. माल फुटून परत यायचा आणि ती अंथरुणावर पडून एकेक गोष्ट डोळ्यांपुढं आणायची. आज किती तरी वर्षांनी तिचं डोकं तसं चाललं होतं, आणि तिला त्यात सुख वाटत होतं. सकाळी ती बाळासोला म्हणाली की आपण आपल्या सवयीनं भट्टी फार तापवली. आपल्याला पाणी करायची सवय. धावडांकडं ब्लोअर कुठला, कातड्याचा भाता. त्यांनी लोखंडाचं पाणी केलंच नसणार. दगडातलं लोखंड नुसतं मऊ करून एका जागी बसू दिलं असणार. हवा कमी, कोळसा जास्त, आणि घाई नाही.

बाळासोनं विचार करून मान हलवली. मग त्यानं ब्लोअर बाजूला काढला आणि घरून एक जुना हाताचा पंखा आणला, लोहारकामाचा.

दुसऱ्या भट्टीला त्यांनी नवीन माती लावली. पंखा तिघं आळीपाळीनं फिरवत होते. ललिताचा हात न थकणारा. आयुष्यभर हलत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडलेली बाई ती. जाळ या वेळी शांत होता, निळसर. पूर्णिमा दर थोड्या वेळानं नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन आतला रंग बघायची आणि "सावकाश" किंवा "आता जरा वाढव" म्हणायची. तिला आठवलं की असं कुणाला सांगून तिला किती दिवस झाले. दुपारी पृथ्वीराजच आला, डबा घेऊन. त्यानं शर्टाच्या बाह्या मागं सारल्या आणि पंखा हातात घेतला. ललिता बाजूला बसून भाकरी खाऊ लागली.

उन्हं उतरायच्या आत त्यांनी भट्टीचं पोट फोडलं. तळाला एक लालबुंद गोळा होता, ओबडधोबड, स्पंजासारखा. बाळासोनं सांडशीनं धरून तो ऐरणीवर ठेवला. लोखंड असेल तर चेपेल, मळ असेल तर फुटेल. बाळासो हातोडा उचलणार, तेवढ्यात पूर्णिमानं त्याला थांबवलं आणि हातोडा ललिताच्या हातात दिला.

ललितानं पहिला घाव जरा भीतभीतच घातला. गोळ्यावरनं काळे कपचे आणि ठिणग्या उडाल्या. दुसरा घाव जोरात बसला. तिसऱ्याला आवाज बदलला. ठक ठक होत होतं ते टण झालं. गोळा एका बाजूनं चपटा झाला होता. फुटला नव्हता.

"चेपलं," ललिता म्हणाली. मग पूर्णिमाकडं बघून परत, हळू आवाजात, "चेपलं गं."

तिचे डोळे भरून आले होते आणि नाकाला काजळी लागली होती. पूर्णिमानं तिला पोटाशी धरलं. दोघींच्याही साड्या त्या दिवशी कायमच्या गेल्या.

लोखंड मुठीएवढंच निघालं. ललितानं ते घरी नेलं आणि गोष्टीतली उरलेली बाजू तपासायला म्हणून गच्चीवरच्या टाकीजवळ ओल्यात ठेवलं. आठवडा व्हायच्या आत ते छान तांबूस गंजलं. ते तिनं स्वतःच फोन करून पूर्णिमाला सांगितलं, आणि दोघी फोनवर इतक्या हसल्या की पृथ्वीराजची बायको काय झालं म्हणून बघायला आली.

बातमी आंबेटेकला पोचली ती एसटीनंच. माघ महिन्यात गावानं निरोप धाडला की एक भट्टी इथं पेटवा, आमच्या डोळ्यांदेखत. मग सगळे गेले. पृथ्वीराज आणि बाळासोसुद्धा. गावातल्या बायकांनी माती तुडवली, कृष्णात लोहारानं आपला भाता दिला, आणि भट्टी उभी केली ती वर खाणीजवळच, त्या जुन्या ढेकळांच्या शेजारी. दिवसभर जत्रा असल्यासारखी माणसं येत-जात होती. ज्याला त्याला भाता ओढायचा होता. दुपार टळल्यावर गोळा निघाला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि कृष्णातानं तिथंच तो ठोकून त्याचे खिळे केले, ज्यांनी भाता ओढला त्यांच्यासाठी. तानाबाईनं आपला खिळा उंबऱ्यात ठोकून घेतला.

ललितानं सगळ्यांना उभं राहून सांगितलं की लोखंड खरं आहे पण ते गंजतं, आपण खोटं बोलणार नाही. माणसं एकमेकांकडं बघू लागली. एवढी वर्षं सांगितलेल्या गोष्टीचा टवका उडाला होता.

"त्याला तेल लावत असतील की," तानाबाई म्हणाली. "धावड काय येडं हुतं?"

त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

मग नाचणीच्या भाकऱ्या, झुणका आणि वांग्याची भाजी घेऊन पंगत बसली. पूर्णिमाच्या शेजारी डोंगरापलीकडल्या वाडीतला एक म्हातारा बसला होता, फेटा बांधलेला, बिनबोलावता आलेला. तो जेवता जेवता सहज म्हणाला की हे सगळं ठीक आहे, पण धावडाची खरी खाण ही नव्हेच. ही तर धाकट्या भावाची. थोरल्याची खाण त्यांच्या वाडीच्या वर आहे, दोन ओढे ओलांडून, आणि न गंजणारं लोखंड त्याच खाणीतलं. तानाबाईनं रागानं त्याच्या पानात वाढायचं थांबवलं. पृथ्वीराजनं आईकडं बघितलं. आणि ललिता, जी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, ती ताट हातात घेऊन उठली आणि येऊन म्हाताऱ्याच्या समोर बसली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमच्या वाडीला कुठली गाडी जाती?"

म्हातारा सांगू लागला. रस्ता मोठा अवघड होता; गाडी खालच्या फाट्यापर्यंतच जात होती, पुढं चालत, आणि पावसाळ्यात तर नावच नको. पूर्णिमानं त्याच्या ताटात आपल्या पुढ्यातली भाकरी वाढली, आणि वर चढताना दोनदा बसावं लागलं होतं ते विसरून, ओढे किती खोल आहेत ते विचारलं.